निकाल लागला, आता कागद घ्या: न्यायनिर्णय, आदेश आणि हुकूमनामा पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी

दिवाणी दाव्याचा निकाल लागला की काटोल, सावनेर, उमरेडकडची माणसं सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरातून बाहेर पडतात आणि थेट गणेशपेठ बसस्थानक गाठतात. घरी फोन होतो, "जिंकलो" किंवा "हरलो" एवढं कळतं, आणि हातात एकही कागद नसतो. मी गेली सतरा वर्षं नागपुरात वकिलांच्या ऑफिसात फायली सांभाळते. त्या एका दिवसाच्या घाईमुळे लोकांना पुढे किती त्रास होतो, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून ज्यांच्या घरात पहिल्यांदाच दावा चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कायद्याची पदवी नसली तरी यातलं सगळं समजतं.

आधी नावं नीट लावू

"निकाल" हा बोलण्यातला शब्द आहे. परीक्षेचा निकाल लागतो, तसाच कोर्टाचाही. कागदावर मात्र वेगळी नावं असतात आणि प्रत्येक नावाचं काम वेगळं असतं. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम २ मध्ये न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि आदेश या तिन्हींच्या व्याख्या आहेत.

न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणं. दावा काय होता, वाद कशावर होता, कोणता पुरावा पटला, कोणता पटला नाही आणि का, हे सगळं त्यात असतं. आपल्याकडे याला सर्रास "जजमेंट" म्हणतात. तो दहा पानांचा असेल, कधी ऐंशी पानांचाही.

हुकूमनामा म्हणजे त्या कारणांतून निघालेलं फळ. बोलीत "डिक्री". दाव्यातल्या सगळ्या किंवा काही मुद्द्यांवर दोन्ही बाजूंचे हक्क त्या न्यायालयापुरते कायमचे ठरवणारा आणि रीतसर लिहून दिलेला निर्णय तो हुकूमनामा. बहुधा दोन-चार पानांतच आटोपतो. कारणं त्यात नसतात. कोणी काय करायचं, कोणाला काय मिळणार आणि खर्च कोणाच्या डोक्यावर, एवढंच असतं.

हा शब्द मला फार आवडतो. वकीलनामा, पंचनामा, करारनामा, रोजनामा या सगळ्यांतला "नामा" म्हणजे लिहिलेला कागद. हुकूमनामा म्हणजे हुकमाचा कागद. न्यायनिर्णय डोक्याला पटवण्यासाठी असतो. बेलिफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी), तलाठी, बँक, पोलीस यांच्यापुढे ठेवायचा तो हुकमाचा कागद.

तिसरा आदेश. न्यायालयानं रीतसर दिलेला, पण हुकूमनामा नसलेला निर्णय म्हणजे आदेश. दावा चालू असताना असे कितीतरी आदेश होतात. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला म्हणजे "निशाणी ५ चा". दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज देतात त्याला बहुतेक वेळा निशाणी ५ हा क्रमांक पडतो, म्हणून कोर्टात सगळे त्याला त्याच नावानं ओळखतात. निशाणी ५ मंजूर झाली की पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत. ती मनाई दाव्याचा निकाल लागेपर्यंतचीच असते. दावा जिंकणं अजून लांब असतं.

गोंधळ होतो तो असा: न्यायनिर्णयाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरात "आदेश" असं लिहिलेलं असतं. तो वर सांगितलेला वेगळा आदेश नव्हे. तो न्यायनिर्णयाचाच शेवटचा भाग आहे आणि त्यावरूनच हुकूमनामा तयार होतो.

निकालाचा दिवस

युक्तिवाद संपले की न्यायाधीश निकालासाठी तारीख देतात. शक्यतो ३० दिवसांच्या आत, आणि खास कारण असेल तर ६० दिवसांपर्यंत निकाल द्यावा असं संहितेच्या आदेश २० मध्ये सांगितलंय (इथे "आदेश" म्हणजे संहितेतलं प्रकरण). तारीख पुढे गेलीच तर कळण्यासाठी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या दाव्याचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून ठेवा. हा नंबर वकिलांकडून मागून घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

निकाल खुल्या न्यायालयात सांगितला जातो. सगळी पानं वाचून दाखवतीलच असं नाही. बहुतेक वेळा मुद्द्यांवरचे निष्कर्ष आणि शेवटचा आदेश तेवढा वाचतात, दोन मिनिटांत संपतं. मागे उभं राहून नीट ऐकू आलं नाही तर घाबरू नका. वकिलांना विचारा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: आजची तारीख, दाव्याचा क्रमांक, आणि न्यायालयाचं पूर्ण नाव, म्हणजे "कितवे सहदिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर". नक्कल मागायला या तिन्ही गोष्टी लागतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच दिवशी, शक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल अर्ज द्या. अर्जात दोन्ही नावं स्पष्ट लिहा. नुसतं "निकालाची नक्कल" लिहिलं तर एकच कागद मिळतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. अर्जाची पोच जपून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच्या तारखेनं चालतो.

ई-कोर्ट्सवर निकालाची प्रत दिसते, ती वाचायला चांगली आहे. अपिलात किंवा महसूल कार्यालयात मात्र शिक्का आणि सहीची प्रमाणित प्रतच लागते.

मामांचा धुरा

इथे घरातलीच गोष्ट सांगते. माझ्या मामांचा शेजाऱ्याशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद होता. संत्र्याची एक ओळ कोणाच्या हद्दीत, एवढंच भांडण. दावा सहा वर्षं चालला आणि ४ मार्चला मामांच्या विरोधात गेला. अपील करायचं असं त्यांनी त्याच रात्री ठरवलं. कोणीतरी त्यांना सांगितलं, "हुकूमनामा अजून व्हायचाय, झाला की अर्ज करा." मामा थांबले. हुकूमनामा १८ मार्चला तयार झाला, तरी त्यांना कळलं नाही. मग घरात लग्न निघालं. नक्कल अर्ज पडला तो ८ एप्रिलला.

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची. निकालाचा दिवस सोडून मोजलं तर ती ३ एप्रिललाच संपली होती.

मामांचा समज असा की हुकूमनामा तयार व्हायला लागलेले दिवस आपोआप वजा होतात. मुदत अधिनियम १९६३ च्या कलम १२ मध्ये नेमकं उलटं आहे. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो हे खरं. पण नक्कल अर्ज देण्याआधी न्यायालयाला हुकूमनामा बनवायला जो वेळ लागला, तो वजा होत नाही. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिलंय. म्हणजे अर्ज पडल्याशिवाय घड्याळ थांबत नाही.

मामांनी ४ मार्चलाच अर्ज दिला असता आणि नक्कल २५ मार्चला तयार झाली असती, तर ते जवळजवळ तीन आठवडे मुदतीत मिळाले असते आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत निवांत अपील करता आलं असतं. त्याऐवजी आधी उशीर माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्याच्या तारखा. कलम ५ खाली उशीर माफ होतो, पण पटेल असं कारण द्यावं लागतं आणि ते न्यायालयाच्या मर्जीवर असतं. मामांना माफी मिळाली, पण त्यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मामी रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन झाडं मोजायची. ते मी विसरू शकत नाही.

हुकूमनामा निकालापासून १५ दिवसांच्या आत तयार व्हावा असं आदेश २०, नियम ६-क सांगतो. आणि तो झाला नसेल तरी अपील अडत नाही: न्यायनिर्णयाची प्रत जोडून अपील दाखल करता येतं. "हुकूमनामा नाही म्हणून थांबलोय" हे वाक्य कोणी बोललं की मी हातातलं काम टाकून त्यांना नक्कल विभागाकडे पाठवते.

वाचायचा कसा

प्रत हातात आली की लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि तिसऱ्या पानावर थकतात. उलट्या क्रमानं वाचा. आधी शेवटचं पान काढा. तिथे साधारण असा मजकूर असतो. हा नमुना मी केलेला आहे, कोणाच्या दाव्यातला नाही:

"आदेश
१. दावा अंशतः मंजूर करण्यात येत आहे.
२. प्रतिवादीस, त्याचे नोकर व हस्तक यांच्यासह, वादीच्या दावा मिळकतीच्या शांततापूर्ण वहिवाटीस अडथळा करण्यापासून कायमची मनाई करण्यात येत आहे.
३. नुकसानभरपाईची मागणी फेटाळण्यात येत आहे.
४. खर्च ज्याचा त्याने सोसावा.
५. त्याप्रमाणे हुकूमनामा तयार करण्यात यावा."

यात पहिल्या ओळीतला "अंशतः" हा शब्द पेन्सिलनं अधोरेखित करा. मनाई मिळाली, भरपाई गेली. म्हणजे दोन्ही बाजूंना अपिलाचा रस्ता आहे: प्रतिवादीला मनाईविरुद्ध, वादीला भरपाईसाठी. समोरच्यानं अपील केलं आणि तुम्ही केलं नसेल, तर त्याच्या अपिलाची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तुम्हाला प्रतिहरकत, म्हणजे त्याच अपिलात आपली हरकत घेता येते. खूप जणांना हे माहीत नसतं.

मग मधली पानं उघडा आणि मुद्द्यांचा तक्ता शोधा. डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष: "होकारार्थी", "नकारार्थी", "अंतिम आदेशाप्रमाणे". कुठल्या मुद्द्यावर आपण हरलो ते या एका तक्त्यात दिसतं. अपिलात लढायचं ते त्या "नकारार्थी"शी. त्याखालचा "कारणमीमांसा" भाग वकिलांसोबत बसून वाचा. तिथे साक्षीदाराच्या कोणत्या वाक्यावर न्यायाधीश थांबले ते कळतं.

शब्दांची थोडी ओळख असू द्या. "मंजूर" आणि "फेटाळला" सरळ आहेत. "निकाली काढला" म्हणजे प्रकरण संपलं, एवढंच. कोण जिंकलं ते त्यातून कळत नाही, पुढचं वाक्य वाचावं लागतं. "अनुपस्थितीत खारीज" म्हणजे वादी हजर नव्हता म्हणून दावा गेला. हा हुकूमनामा नाही, त्यावर अपील नाही, तर दावा पुन्हा नोंदीवर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. "एकतर्फी हुकूमनामा" म्हणजे प्रतिवादी आला नाही आणि निकाल झाला. समन्स बजावलंच नव्हतं किंवा हजर न राहायला सबळ कारण होतं, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. त्याची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस, आणि समन्सच नीट बजावलं नसेल तर हुकूमनाम्याबद्दल कळल्यापासून. "तडजोड हुकूमनामा" दोघांच्या सहीनं होतो आणि त्यावर साधं अपील चालत नाही, म्हणून सही करण्याआधी घरी चार वेळा वाचा.

हुकूमनामा तपासा

या कामाला मी अर्धा दिवस देते. टेबलावर डावीकडे न्यायनिर्णय, उजवीकडे हुकूमनामा, हातात पेन्सिल. हुकूमनामा न्यायनिर्णयाशी जुळलाच पाहिजे असा नियम आहे, आणि टंकलेखनात चूक कोणाकडूनही होते.

वरून सुरुवात करा. न्यायालयाचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि वर्ष. पक्षकारांची नावं, वय, पत्ते. दावा चालू असताना कोणी वारलं असेल तर वारसांची नावं आली आहेत का ते बघा. तारीख न्यायनिर्णयाचीच असली पाहिजे, हुकूमनामा कितीही दिवसांनी तयार झाला तरी.

मग मिळकतीचं वर्णन, आणि इथे जीव ओता. मौजा, तहसील, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा नंबर (ख.नं.), आराजी म्हणजे क्षेत्रफळ, चतुःसीमा. एक-एक आकडा सातबाऱ्याशी ताडून बघा. ख.नं. ४७/२ च्या जागी ४७/१ पडलं तर काय होतं? बेलिफ शेतावर जातो, कागद बघतो आणि परत फिरतो. अंमलबजावणी करणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन "खरं म्हणजे असं म्हणायचं होतं" असं ठरवत नाही. कागदावर जे आहे तेच चालतं. अशी लेखनातली किंवा आकड्याची चूक संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज देऊन केव्हाही दुरुस्त करून घेता येते. निर्णयच पटला नाही म्हणून मात्र हे कलम वापरता येत नाही, त्यासाठी अपील किंवा पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाला निर्णय पुन्हा तपासायला सांगणं. पुनर्विलोकनाची मुदत दिवाणी न्यायालयात ३० दिवस.

शेवटी खर्चाचा तक्ता. दोन रकाने असतात, वादीचा आणि प्रतिवादीचा: दाव्यावरची कोर्ट फी, वकीलपत्रावरचा स्टॅम्प, समन्सचा खर्च, वकील फी. "खर्चासह मंजूर" असेल तर ही रक्कम वसूल करता येते. लोक ती सोडून देतात. मी सांगेन, सोडू नका.

वाटणीच्या दाव्यात दोन हुकूमनामे

वाटणीत आधी प्राथमिक हुकूमनामा होतो: कोणाचा किती हिस्सा, एवढं ठरवणारा. मग मोजणी होते, तुकडे पडतात आणि अंतिम हुकूमनामा होतो. सरकारला सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हिस्सा पटला नसेल तर अपील प्राथमिक हुकूमनाम्यावरच करायचं. अंतिम झाल्यावर बघू म्हणून थांबलात तर कलम ९७ आडवं येतं आणि हिस्स्याबद्दल तोंड उघडता येत नाही. बहिणींच्या हिश्शाच्या दाव्यांत हे फार घडतं. भाऊ म्हणतो, "ताई, हे नुसतं प्राथमिक आहे, अजून काही झालं नाही." झालेलं असतं.

पुढचे रस्ते

अपील कुठे, ते दाव्याच्या मूल्यांकनावर आणि निकाल कोणी दिला यावर ठरतं. जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, थेट उच्च न्यायालयात असेल तर ९० दिवस. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचाही निकाल विरोधात गेला तर दुसरं अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. सिव्हिल लाइन्समध्येच घुमटाची ती दगडी इमारत आहे. १९४० मध्ये तिचं उद्घाटन झालं तेव्हा तिथे नागपूर उच्च न्यायालय होतं, आता मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी न्यायनिर्णयाचं भाषांतर लागू शकतं. ते करणाऱ्याला हुकूमनामा आणि आदेश यांतला फरक कळतो का, एवढं आधी विचारून घ्या.

जिंकलात आणि समोरचा ऐकत नाही, तर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्यासाठीचा अर्ज. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत १२ वर्षं आहे. कायमच्या मनाईला मुदत नाही, पण "अमुक बांधकाम पाडावं" असा करण्याचा हुकूम असेल तर फक्त ३ वर्षं. अपील झालं असेल तर शेवटच्या न्यायालयाचा हुकूमनामा दरखास्तीला लावायचा. आणि हक्काची नोंद बदलायची असेल तर प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्या. हुकूमनामा झाला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

निवाडा हा शब्द दिसला तर

हा मराठीतला जुना, कसदार शब्द. "निवडणे" याच्याशी त्याचं नातं आहे: तांदळातले खडे निवडावे तसं खरं-खोटं वेगळं करणं. आज कागदावर तो मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो: भूसंपादनात मोबदला ठरवताना, लवादात आणि लोकअदालतीत. लोकअदालतीचा निवाडा कायद्यानं दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच मानला जातो, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही. भूसंपादनाच्या निवाड्याचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत. तो कागद आला तर त्याच आठवड्यात त्यातल्या जाणकार वकिलांना दाखवा.

फौजदारीत हुकूमनामा नसतो. तिथे न्यायनिर्णय असतो आणि त्यात दोषसिद्धी व शिक्षा, किंवा निर्दोष मुक्तता. कारावासाची शिक्षा झाली तर आरोपीला न्यायनिर्णयाची प्रत लगेच आणि मोफत मिळते. ती मागून घ्या.

नक्कल विभागाकडे जाताना सोबत ठेवायचं ते एवढंच: दाव्याचा क्रमांक, निकालाची तारीख, न्यायालयाचं नाव, ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे. पोच मिळाली की तिचा फोटो काढून घरी पाठवा, मग गणेशपेठेची वाट धरा.